दोराची खाच

शिडाची गाडी ही मुळात तीन चाकांची, बिनइंजिनाची आणि व्यवहारी माणसाच्या दृष्टीने पूर्णपणे निरुपयोगी वस्तू आहे. पुढे एक चाक, ते पायांनी वळवायचे. मागे दोन चाके, मधल्या दांड्यावर बैठक, तिच्यावर जवळजवळ आडवे पडायचे. पायांपाशी डोलकाठी, हातात शिडाचा दोर. हिने कुठे जाता येत नाही. पुळणीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचे आणि परत यायचे, एवढाच तिचा प्रवास. तंत्रनिकेतनातली नोकरी संपवून दापोली तालुक्यातल्या आमच्या गावी राहायला आल्यावर मी हे खूळ का घेतले, असे मला पुष्कळांनी विचारले आहे. त्यांचे समाधान होईल असे उत्तर मला देता आलेले नाही; आणि मला छळणारा प्रश्न तो नव्हेच.

गाडी करण्यात एक पावसाळा गेला. पहिल्यांदा मी सायकलची चाके लावली. ती वाया गेली. कारण सायकलचे चाक उभा भार सोसते, पण शिडाचा रेटा आडवा असतो, आणि आडव्या रेट्याने आरे वाकतात. मग मालाच्या हातगाडीची जाड, बुटकी चाके आणली. सांगाडा पाण्याच्या नळाच्या पाइपाचा. तो गावच्या वेल्डरने जोडून दिला, आणि जोडताना प्रत्येक सांध्यापाशी एकदा हसून घेतले. डोलकाठी कळकाची. शीड मात्र ताडपत्रीचे केले ते फसले, ताडपत्री ताणली की तिचा पोटासारखा घेर सुटतो. गावात आता सगळ्या होड्यांना इंजिने आहेत, तरी शीड शिवलेला एक जुना तांडेल निघाला. त्याने दुसरे शीड बेतून दिले आणि पैसे घेतले नाहीत.

आमचा किनारा साधारण दक्षिणोत्तर आहे, आणि फाल्गुन-चैत्रात दुपारनंतर खारा वारा समुद्रावरून आडवा येतो. त्यामुळे त्याच वाऱ्यावर जाताही येते आणि परतताही येते. वारा ढकलतो म्हणून गाडी पळते, ही समजूत चुकीची आहे. वाऱ्याकडे पाठ करून शीड पसरले तर गाडी वाऱ्याच्या वेगापुढे जाऊ शकत नाही. वारा आडवा घेतला, की शीड गाडीला बाजूला रेटू पाहते, चाके बाजूला सरकायचे नाकारतात आणि रेटा पुढच्या दिशेने निघतो. गाडी धावू लागली की तिच्या धावण्याचाच वारा मूळ वाऱ्यात मिसळतो, आणि शीड त्या वाढलेल्या वाऱ्यावर काम करते. म्हणून ती वाऱ्याहून वेगाने जाते. डिसेंबर 2022 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या गेर्डनर या कोरड्या खाऱ्या सरोवरावर ‘होरोनुकू’ नावाच्या गाडीने ताशी 222 किलोमीटरांचा वेग गाठला. वारा होता ताशी सुमारे 40 किलोमीटरांचा. माझी गाडी तिच्यापुढे पांगुळगाडाच. पण नियम तोच, आणि पहिल्यांदा जेव्हा कानांवरचा वारा बाजूने यायचा थांबून समोरून येऊ लागला, तेव्हा मी एकटाच मोठ्याने ओरडलो होतो.

हिला थांबवण्याची रीत अगदी सोपी आहे. दोर सोडायचा. शीड फडफडू लागते आणि गाडीतला जीव जातो. किंवा तोंड वाऱ्याकडे, म्हणजे आमच्याकडे समुद्राकडे, वळवायचे. पण दोर तासभर धरून तळहात सोलवटतो. म्हणून मी बैठकीच्या कडेला एक दातेरी खाच बसवली. दोर तिच्यात दाबला की अडकून राही आणि हात मोकळा. दोर वर उचलून झटका दिला तर सुटे. स्वतःकडे ओढला तर आणखी आत येऊन तिथेच अडके. या खाचेचा मला अभिमान वाटत असे. जुन्या तांडेलाने ती पाहिली होती. ‘दोर हातात बरा,’ एवढेच तो म्हणाला. मी त्याला खाचेची रचना समजावून दिली.

चैत्रातल्या एका दुपारी एक कोळीण डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन ओल्या वाळूवरून चालली होती. भार घेऊन चालणारा प्रत्येकजण तिथूनच चालतो, कारण तिथली वाळू घट्ट असते; माझी गाडीही त्याच कारणाने तिथूनच धावे. मी तिला लांबून पाहिले होते. तिला माझी चाहूल लागली नाही. मोटारीला निदान आवाज असतो. माझी गाडी निःशब्द आहे हे मी सर्वांना कौतुकाने सांगत असे. एवढ्यात जोराचा झोत आला, समुद्राकडचे चाक उचलले गेले आणि मी घाबरलो. घाबरलेला माणूस काही सोडत नाही, आवळून धरतो. मी दोर स्वतःकडे ओढला. शीड आत आले, वेग वाढला. पायांनी काय केले ते आठवत नाही. मागच्या चाकाचा दांडा तिला लागला, ती पडली, बांगडे वाळूत पसरले, तिच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले.

‘वाऱ्याचा झोत आला हो,’ मी म्हणालो. माझ्या तोंडून निघालेले पहिले वाक्य ते होते.

ती डाव्या हाताने बांगडे गोळा करीत होती. ‘वारा तर रोजचाच आहे, मास्तर,’ ती म्हणाली.

डॉक्टरांचा खर्च मी दिला, सहा आठवड्यांच्या बुडालेल्या धंद्याचे पैसेही दिले. गावात कुणी मला दोष दिला नाही. मुद्दाम थोडेच केले, असे सगळे म्हणाले, आणि ते खरेच होते. हातून घडले ते भीतीने घडले. भीतीने आवळलेली मूठ ही जवळजवळ शिंकेसारखी, तिच्यात इच्छेचा भाग तो किती? नीतीचा विचार करणारे बहुधा याच घटकेवर बोट ठेवतात: माणसाने त्या क्षणी काय जाणले, काय इच्छिले. त्या हिशेबाने मी सुटतो. पण रात्री अंथरुणावर मला ती घटका आठवतच नसे. आठवे ती श्रावणातली दुपार, जेव्हा पडवीत बसून, बाहेर पाऊस कोसळत असताना, चहा पीत पीत, मी कानशीने त्या खाचेचे दाते घासत होतो. त्या दुपारी मी भ्यालेलो नव्हतो. माझ्यापाशी वेळ हवा तेवढा होता.

श्रावणबाळाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. दशरथाने बाण सोडला तो हत्ती समजून. काळोख होता, घडा बुडबुडत होता, चूक कुणाचीही झाली असती, असे आपण राजाच्या वतीने म्हणतो. पण न पाहता, नुसत्या आवाजावर बाण मारण्याची विद्या त्याने आधी हौसेने कमावली होती, आणि तीही भर दिवसा, शांत चित्ताने कमावली असणार. तिथे कुणी मरत नव्हते म्हणून त्या दिवसांची गोष्ट कुणी सांगत नाही.

खेळच वाईट, असे मात्र मला म्हणवत नाही. गणिती सायमन स्टेविनने 1600च्या सुमारास हॉलंडमध्ये नासाऊच्या राजपुत्र मॉरिससाठी शिडाची मोठी गाडी बांधली; शेवेनिंगनहून पेटनपर्यंत समुद्रकाठाने ती अठ्ठावीस माणसे घेऊन दोन तासांच्या आत गेली. वाटेत राजपुत्राने गंमत म्हणून सुकाणू समुद्राकडे वळवले आणि पाहुणे भेदरल्यावर पुन्हा वाळूवर आणले, असे सांगतात. ही हकीकत मी पूर्वी मित्रांना रंगवून सांगत असे. आता ती सांगताना मला सुकाणूवरचा राजपुत्र दिसत नाही, मागे बसलेल्यांपैकी कुणीतरी दिसतो, ज्याला कुणी विचारले नव्हते. गेर्डनरच्या सरोवरावर कुणाची रोजची वाट नव्हती. स्वतःची मान मोडून घेण्याचा हक्क माणसाला असावा, या मताचा मी अजूनही आहे. पण आमची पुळण मोकळी दिसते ती माझ्यासारख्याला, जो तिथे काही विकायला जात नाही.

खाच मी काढून टाकली. तिच्या जागी कप्प्या लावल्या; ओढ हलकी होते, आणि हात सुटला की दोर आपसूक पळतो. तळहात सोलवटतो तो सोलवटू दिला. गाडी काढण्याआधी आता मी पुळण या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी चालून येतो, आणि कुणी वाटेवर असेल तर शीड उभारत नाही. काही दुपारी त्यामुळे ते उभारलेच जात नाही.

प्लास्टर निघाल्यावर ती एकदा गाडीपाशी थांबली. मनगट अजून पुरते वळत नव्हते. ‘ही थांबते कशी?’ तिने विचारले. मी गाडीची चाके दगडांनी अडवली, शीड उभारले आणि दोर तिच्या डाव्या हातात दिला. तिने तो ओढून पाहिला. शीड भरले, सांगाडा कुरकुरला. ‘आता सोडा,’ मी म्हणालो. तिने सोडला. शीड फडफडत राहिले.

‘एवढंच?’

‘एवढंच.’

‘मग त्या दिवशी का नाही सोडलात?’

मी वाकून चाकाखालचा दगड काढू लागलो. तिने पाटी उचलली, डोक्यावर सारखी केली आणि ओल्या वाळूवरून चालू लागली. ती वळणापलीकडे जाईपर्यंत मी शीड उतरवून ठेवले.