जीर्णोद्धार कशाचा?

भंगारात पडलेली जुनी मोटरसायकल शोधून काढावी आणि कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी जशी होती तशी ती पुन्हा उभी करावी, हा छंद आपल्या तरुणांत चांगलाच रुजला आहे. छत्रपती संभाजीनगरात, ज्याला आपल्यापैकी अनेकजण सवयीने अजून औरंगाबादच म्हणतात, असे वेड घेतलेली दोन-चार मुले प्रत्येक वस्तीत सापडतील. त्यांची सर्वांत मोठी ओढ असते ती एका सिलिंडरच्या जुन्या बुलेटची. छंद चांगला आहे. तो हाताला काम देतो आणि माणसाला धीर धरावयास शिकवतो. परंतु या मुलांच्या तोंडी 'ओरिजिनल' हा शब्द इतक्या सहज येतो की तो ऐकून थोडे थबकावेसे वाटते. गाडी मूळ स्थितीत आणली असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय परत आणलेले असते?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, आणि बुलेटच्या बाबतीत तर मुळीच नाही. ही गाडी मुळात इंग्लंडमधील रेडिच गावच्या रॉयल एन्फिल्ड कारखान्याची. १९५५ साली मद्रासमध्ये तिच्यासाठी एन्फिल्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली. पुढे १९६७ मध्ये रेडिचचा कारखाना बंद पडला आणि १९७० मध्ये इंग्लंडमधील उत्पादनच थांबले. मद्रासची गाडी मात्र निघत राहिली, आणि १९७७ पासून ती इंग्लंडलाच निर्यात होऊ लागली. मग मूळ कोणते आणि नक्कल कोणती?

ही झाली कंपनीची गोष्ट. एका गाडीपुरते पाहिले तर कोडे अधिक खोल जाते. साडेतीनशेच्या बुलेटचा सिलिंडर ७० मिलिमीटर व्यासाचा असतो आणि त्यात पिस्टन ९० मिलिमीटर वरखाली होतो. त्याचे घनफळ भरते ३४६ सी.सी. वर्षानुवर्षे चालून सिलिंडर आतून झिजतो, गोलाई बिघडते, इंजिन धूर ओकू लागते. मग लेथवाला तो 'बोअर' करतो, म्हणजे आतला धातू थोडा कापून भोक पुन्हा गोल करतो आणि त्यात तेवढा मोठा पिस्टन बसवितो. व्यास एका मिलिमीटरने वाढला तर तेच इंजिन ३५६ सी.सी.चे होते. बोअर करण्यालाही मर्यादा आहे. ती संपली की सिलिंडरमध्ये नवीन 'स्लीव्ह' दाबून बसवितात आणि पुन्हा ७० मिलिमीटरचा पिस्टन घालता येतो. आता पाहा. बोअर केले तर धातू मूळचा राहतो पण माप मूळचे राहत नाही. स्लीव्ह घातली तर माप मूळचे येते पण पिस्टन ज्या धातूवर घासतो तो मूळचा राहत नाही. दोन्ही एकाच वेळी हाती लागावीत असा उपाय कोणत्याही मिस्त्रीपाशी नाही.

प्लुटार्कने थिसियसच्या जहाजाची कथा सांगितली आहे. अथेन्सचे लोक त्याच्या कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवीत गेले, आणि हे जहाज तेच की दुसरे, यावर तत्त्वज्ञांचा वाद जुंपला. सतराव्या शतकात हॉब्जने त्यात भर घातली: काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचेच जहाज बांधले तर? सेमिनरीत हे शिकताना आम्हांला तो बुद्धीचा खेळ वाटे. गॅरेजात तो खेळ राहत नाही. एका गाडीचे इंजिन, दुसरीची चॅसिस आणि तिसरीची कागदपत्रे असा संसार मांडून, इंजिनावरचा क्रमांक घासून नवा ठोकून, ती 'ओरिजिनल' म्हणून विकणारे आहेत. इथे तत्त्वज्ञानाची गरज नाही, आठवी आज्ञा पुरेशी आहे.

प्रामाणिक माणसासमोर मात्र खरी अडचण उभी राहते. संत थॉमस अक्विनास शिकवितात की मानवी हातांनी केलेल्या वस्तूचे रूप हे तिच्या द्रव्यावर बाहेरून चढलेले असते. झाडाला वा प्राण्याला आतून लाभते तसे ते नसते. म्हणूनच यंत्राचा झिजलेला भाग काढून तसाच दुसरा घालण्यात काही गैर नाही. चालणे हेच यंत्राचे प्रयोजन. न चालणाऱ्या बुलेटच्या गंजाला 'इतिहास' म्हणून ओवाळणे हा मला भाबडेपणा वाटतो.

पण म्हणून सगळेच नवे करावे काय? याचे उत्तर शोधताना शंभर किलोमीटरवरच्या अजिंठ्याचे स्मरण होते. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने तेथील चित्रांच्या रक्षणासाठी इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन तज्ज्ञांना बोलाविले. सुटू पाहणारा गिलावा त्यांनी भिंतीला पक्का केला, हे त्यांचे उपकार. परंतु चित्रांवर लाखेचे रोगणही चढविले गेले. कालांतराने ते पिवळे-काळे पडले, त्यावर धूळ बसली आणि रंग झाकोळले. पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना ते थर हळूहळू काढावे लागले. हेतू निर्मळ होता. पण ज्याने मूळ टिकावे म्हणून लावले, त्यानेच मूळ झाकले. (आपल्या जुन्या दगडी चर्चना आतून चकचकीत टाइल्स लावण्याचा मोह होतो तेव्हा हे आठवावे.)

अजिंठ्यातील गळून गेलेला चेहरा नव्याने रंगविण्याचा अधिकार आज कोणी स्वतःकडे घेणार नाही, कारण तो हात पुन्हा मिळणे नाही. बुलेटची टाकी मात्र पुन्हा रंगविता येते, तिच्या कडेची सोनेरी रेघही कसबी हाताने पुन्हा ओढता येते. तेव्हा भेद जुन्या-नव्याचा नाही. माझ्या मते तो उपेक्षेच्या खुणा आणि वापराच्या खुणा यांतला आहे. टाकीतला गंज, उंदरांनी कुरतडलेली वायर, सीटमधून वर आलेला काथ्या या उपेक्षेच्या खुणा होत. त्या पुसणे हे एक प्रकारे भरपाई करणेच आहे. टाचेने झिजलेला किकचा दांडा ही वापराची खूण. ती पुसली तर कोणाचे भले होते?

हे कागदावर मांडणे सोपे. आमच्या धर्मग्रामातील दोन भावांत याच गोष्टीवरून वर्षभर बोलणे तुटले आहे. त्यांचे वडील मास्तर होते. खेडोपाडी प्रार्थनेला आणि शिकवणीला जात. १९७३ सालची बुलेट त्यांनी जुनी विकत घेतली होती. पेटी आणि पेट्रोमॅक्सची बत्ती न्यावयाची म्हणून त्यांनी गावच्या वेल्डरकडून मागे चॅसिसलाच एक ओबडधोबड लोखंडी कॅरिअर जोडून घेतले. ते गेल्यावर गाडी गोठ्यात सडली. आता धाकट्याला ती काटेकोर कंपनीच्या रूपात हवी आहे. थोरला म्हणतो, कॅरिअर काढाल तर ती बाबांची गाडी उरणार नाही.

धाकट्याची बाजू पोकळ नाही. २०२१ च्या जुलैपासून पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळू शकतो. मात्र वाहन मूळ स्वरूपात असावे, चॅसिस वा इंजिन यांत मोठा फेरफार नसावा, ही अट आहे. ते वेल्डिंग फेरफार ठरेल अशी त्याला धास्ती आहे. शिवाय तो म्हणतो, "फादर, ते कॅरिअर बाबांना कुठे आवडत होतं? पैसे नव्हते म्हणून लावलं. त्यांची गरिबी मी किती दिवस मिरवायची?" या प्रश्नापुढे मी बराच वेळ गप्प होतो. वापराची खूण ही कधी कधी लाचारीचीही खूण असते, आणि ती जपावी असे मुलाला सांगणे परक्याला सोपे जाते.

तरीही मी थोरल्याच्या बाजूने कौल दिला. कंपनीने केलेल्या बुलेट हजारोंनी आहेत. हातपेटी घेऊन गोदाकाठची गावे फिरलेली ही एकच. मास्तरांना ते कॅरिअर आवडत नसेलही. पण गाडी कशासाठी आहे हे त्यांनी ठरविले होते, आणि वस्तूचे प्रयोजन ठरविणाऱ्याला तिच्या रूपावर काही हक्क असतोच. क्रमांकाची पाटी सोडून द्यावी, असे मी धाकट्याला सांगितले. त्याने ते मानलेले नाही. सिलिंडरला स्लीव्ह बसली आहे, टाकी आतून धुऊन झाली आहे आणि इंजिन पहिल्या चार-पाच किकमध्ये उठते. कॅरिअर अजून जागेवर आहे. त्याच्या सांध्यावर धाकट्याने खडूने रेघ मारून ठेवली आहे, आणि कापणारा मिस्त्री दोघा भावांनी एकत्र यावे म्हणून थांबला आहे.