पुरे म्हणजे किती?

पुरे म्हणजे नेमकं किती, हे आजवर एकाही शहाण्यानं मोजून दाखवलेलं नाही. पंगतीत आपण ‘पुरे, पुरे’ म्हणतो आणि पानात आणखी दोन जिलब्या पडतात. तेव्हा हा शब्द फारसा कुणी मनावर घेत नाही, हे उघडच आहे.

गेल्या मे महिन्यात मात्र आमच्या घरात या शब्दावरून चांगलंच वाजलं. नात सुट्टीला कोकणात आली होती. सकाळी परसातल्या जाळीवरची करवंदं तोडायची आणि दुपारी, सज्जन माणसं घोरत असताना, संगणकाला आज्ञा द्यायला शिकायचं, असा तिचा दिनक्रम. भाषेचं नाव पायथॉन. सौ. दचकलीच. “जाळीत एखादवेळी साप निघतो, ही तर अजगरच घेऊन आली!” वास्तविक १९९१ साली ही भाषा जगापुढे आणणाऱ्या गिडो वान रॉसमनं तिचं नाव अजगरावरून नव्हे, एका ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून ठेवलं. विनोदाला कुठंतरी मान आहे म्हणायचा!

मी नातीला कोंबडा-कोंबडीचा खेळ शिकवला. करवंद आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. ती म्हणाली, “आजोबा, हे तर एक आणि शून्य झालं!” अख्खं संगणकशास्त्र या दोन पाखरांवर उभं आहे म्हणे.

मग तिनं करवंदं तोडण्याचा प्रोग्रॅम लिहिला. जोवर जाळीत करवंद आहे, तोवर तोड.

“आणि बुलबुलांनी काय खायचं?” आजीनं विचारलं. “द्रोण भरून करवंदं विकते ती बाई कुंपणापलीकडनं दोन ओंजळी नेते, तिचं काय?”

“मग किती ठेवायची ते सांग ना, आजी.”

“ठेवायची थोडी.”

“संगणकाला ‘थोडी’ कळत नाही गं!”

आता यात बरोबर कोण? अ‍ॅलन ट्युरिंगच्या १९३६ सालच्या निबंधातून निघालेला निष्कर्ष असा, की कुठलाही प्रोग्रॅम दाखवला तरी तो कधी थांबेल की नाही हे हमखास सांगणारी एकच एक रीत असूच शकत नाही. पण नातीचा प्रोग्रॅम थांबणार होता. जाळी रिकामी झाली की थांबणार होता. खरी अडचण तीच. यंत्र हावरट नसतं; थांबण्याची अट लिहिणाऱ्याला बुलबुल आठवलेले नसतात, एवढंच.

तरी आजीचं ‘थोडी’ही मला पुरतं पटत नाही. आजीच्या हातून थोडी म्हणजे अर्धी जाळी राहते. एखाद्या व्यापाऱ्याच्या हाती तोच शब्द दिला, तर चार किडकी करवंदं उरतील आणि तीही ‘थोडी’च असतील. ‘पन्नास’ म्हटलं तर त्या बाईला मोजून भांडता तरी येतं. पण ज्या वर्षी जाळीला चाळीसच लागतील, त्या वर्षी आकडा बिचारा काय करणार?

नातीनं शेवटी पन्नास हा आकडा घातला. त्याखाली एक टीप लिहिली: ‘करवंदं कमी आली तर आजीला विचारणे.’ अशी टीप संगणक वाचत नाही, सोडून देतो. ती माणसांसाठीच असते. आता ती वाचायला माणसं जाळीपाशी उभी हवीत, एवढंच.