देवालाही शीण येतो



आजच्या वाचनात गीतेच्या सहाव्या अध्यायातले सोळावा आणि सतरावा श्लोक आले. अर्थ अगदी साधा आहे. जो फार खातो त्याला योग साधत नाही, जो उपाशी राहतो त्यालाही नाही. जो फार झोपतो त्याला नाही, आणि जो सारखा जागाच राहतो त्यालाही नाही. खाणं, फिरणं, काम, झोप, जाग हे सगळं ज्याचं मापात असतं, त्याचं दुःख हा योग दूर करतो.

हे दोन श्लोक मी पूर्वी भराभर वाचून पुढे जायचो. वाटायचं, ही पथ्यपाण्याची गोष्ट आहे, यात चिंतन काय करायचं? आता इथे आलो की थांबतो. त्याला कारण एक मुलगी आहे, आणि माझी एक चूक आहे. आज ती चूक सांगतो.

मी मोखाडा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत शिकवत होतो. निवृत्तीनंतर जव्हारला राहायला आलो. माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी एमबीबीएसला लागली. तिच्या पाड्यावरून डॉक्टर व्हायला गेलेली ती पहिलीच. या भागात याचं मोल काय, ते इथल्या माणसालाच कळेल. १९९२-९३ साली वावर-वांगणीची पोरं कुपोषणाने गेली तेव्हा जव्हारचं नाव देशभर झालं, ते दिवस आम्ही पाहिलेत. आजही पेशंट फार अवघड झाला की नाशिकला न्या म्हणतात, आणि काही पाड्यांवरून डांबरी रस्त्यापर्यंत त्याला डोलीतूनच आणावं लागतं. अशा ठिकाणची पोर डॉक्टर होणार म्हटल्यावर तिच्या खांद्यावर अख्खा पाडाच बसलेला असतो.

मार्च २०२० मध्ये कॉलेजं बंद झाली आणि ती घरी आली. लेक्चर ऑनलाइन सुरू झाली, पण पाड्यावर रेंज कुठली? रोज टेकडी चढायची, एका दगडावर मोबाइल टेकवायचा आणि ऐकायचं. पावसाळ्यात डोक्यावर इरलं घेऊन बसायची. मला तिचं फार कौतुक होतं. चार लोकांना मी ते सांगतही होतो. ती दमते का, हे मात्र मी कधी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी दुसरी लाट आली. आरोग्य विद्यापीठाची १९ एप्रिल २०२१ पासूनची परीक्षा पुढे ढकलली गेली आणि ती परत घरी आली. अभ्यास झालेला, पण परीक्षा कधी ते नक्की नाही. त्यातच ३ मे रोजी केंद्र सरकारचा निर्णय आला की इंटर्न डॉक्टरांना कोविडच्या कामाला घ्यायचं, आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना फोनवरून सल्ला देणं, सौम्य रुग्णांवर लक्ष ठेवणं अशी कामं वरिष्ठांच्या देखरेखीखाली द्यायची. पाड्यावर तर तिची ड्युटी आधीच लागली होती. कोणी खोकलं की "डॉक्टरीण आलीये, तिला दाखवा." ती बिचारी सांगायची, मी अजून डॉक्टर नाही. ऐकतो कोण?

एक म्हातारबाबा होते. तिला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलेले. तिने ऑक्सिमीटर लावला तर ऑक्सिजन ८४. आत्ताच्या आत्ता जव्हारच्या दवाखान्यात न्या, म्हणून ती हातापाया पडली. घरचे म्हणाले, "तिथं गेलेला माणूस माघारी येत नाय." तिसऱ्या दिवशी बाबा गेले. मग कोणीतरी बोललंच, घरात डॉक्टरीण असून काय उपयोग झाला?

त्या रात्री टेकडीवरून तिने मला फोन केला. म्हणाली, "गुरुजी, मला झोप येत नाही. पुस्तक उघडलं तर अक्षरं दिसतात, अर्थ लागत नाही. मला हे जमायचं नाही. मला डॉक्टर व्हायचंच नाही."

आणि मी काय केलं? मी तिला गीता सांगितली. अर्जुनानेही धनुष्य टाकलं होतं म्हणालो. फळाकडे बघू नकोस, कर्तव्य कर, ऊठ. दहा मिनिटं बोललो. चांगलं बोललो असं मलाच वाटलं. ती "हो गुरुजी" म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर दोन महिने तिचा फोन नाही.

मंडळी, मी खोटं काही सांगितलं नव्हतं. पण खरं वचनही अवेळी सांगितलं तर धोंड्यासारखं लागतं. गीता पुन्हा उघडली तेव्हा माझी चूक माझ्या डोळ्यांपुढे आली. पहिल्या अध्यायात श्रीकृष्ण जवळजवळ बोलतच नाहीत. रथ मध्यभागी नेऊन उभा करतात, समोर जमलेल्यांकडे बघ असं एवढंच म्हणतात, आणि मग अर्जुन बोलत राहतो. हात कापतात, तोंड कोरडं पडतं, उभं राहवत नाही, सगळं सांगतो. देव ते पूर्ण ऐकून घेतात. पुढे दोन कडक शब्दही बोलतात, पण ऐकून झाल्यावर. आणि त्या रडण्याच्या अध्यायाला नाव काय? अर्जुनविषादयोग. विषादालाही योगच म्हटलंय. मी मात्र पहिला अध्याय ओलांडून थेट दुसऱ्यातल्या सत्तेचाळिसाव्या श्लोकावर उडी मारली होती.

त्या वर्षी २० जुलैला आषाढी होती. सलग दुसऱ्या वर्षी पायी वारी नव्हती, पालख्या एसटीने पंढरपूरला गेल्या. घरात बसून मी जुन्या वाऱ्या आठवत होतो, आणि मला प्रक्षाळपूजा आठवली.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आषाढीच्या यात्रेत विठोबाचा पलंग काढून ठेवतात. दर्शन चोवीस तास चालू असतं, देव झोपत नाही. लाखो लेकरं भेटायला आलेली असतात ना! पण यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. देवाच्या पायांना लिंबू-साखर चोळतात, गरम पाण्याने स्नान घालतात, शीण जावा म्हणून रात्री काढा देतात. पलंग पुन्हा लागतो. देव झोपतो.

आमच्या वाडवडिलांनी देवाचाही शीण मानला, मंडळी! ज्याच्या नुसत्या इच्छेने जग चालतं असं आपण म्हणतो, त्याचेही पाय दुखत असतील, हे त्यांना सुचलं. आणि आपण? २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता दारात उभं राहून टाळ्या-थाळ्या वाजवल्या आणि डॉक्टरांना देव म्हणून मोकळे झालो. देव तर केलं, पण त्यांची प्रक्षाळपूजा कोण करणार?

कोणी म्हणेल, रोगी दारात तडफडत असताना डॉक्टरने झोपायचं का? प्रश्न खरा आहे. तो मी टाळणार नाही. काही रात्री जागाव्याच लागतात, म्हणून तर देवाचा पलंग निघतो. पण तिथली व्यवस्था बघा. यात्रेला दिवस ठरलेले असतात. आणि पलंग परत लावायचं काम देवाचं नाही, ते सेवेकऱ्यांचं आहे. देवाला "मी दमलो" असा अर्ज करावा लागत नाही. ज्या सेवेला शेवटच नाही आणि जिथे विश्रांती मागणाऱ्यालाच लाज वाटते, तिथे दुसऱ्याच्या जिवावर आपण पुण्य कमवत असतो. मापात झोप हा श्लोक एकट्या विद्यार्थ्याने पाळायचा म्हटला तरी कसा पाळणार? ड्युटी लावणारा कोणी दुसराच असतो. म्हणजे हा श्लोक त्यालाही आहे, आईबापांना आहे, माझ्यासारख्या गुरुजींनाही आहे.

हे दुखणं महामारीबरोबर गेलेलं नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये अहवाल दिला. त्यांच्या पाहणीत २५ हजारांहून जास्त एमबीबीएस विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली होती. त्यातल्या सुमारे २८ टक्के मुलांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचं सांगितलं, आणि सुमारे १६ टक्के मुलांच्या मनात जीव देण्याचा विचार येऊन गेला होता. शंभरात सोळा! निवासी डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांहून जास्त काम नको, एक दिवस सुट्टी द्या, रोज सात-आठ तास झोप मिळू द्या, असं त्या कृतिदलाने सुचवलं. वाचताना मला सहावा अध्यायच आठवला.

जुलैच्या शेवटी मी तिला फोन केला. तिची परीक्षा होऊन गेली होती. या वेळी गीता बाजूला ठेवली. विचारलं, "जेवलीस का गं? झोप लागते का?" बराच वेळ पलीकडून काही आवाज नाही. मग रडायला लागली. मग म्हातारबाबांबद्दल बोलली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी फक्त हं, हं करत होतो. शेवटी म्हणाली, "गुरुजी, मनाच्या डॉक्टरकडे जावंसं वाटतं. पण तिथे गेले तर लोक म्हणतील, ही काय दुसऱ्याला बरं करणार?" मी म्हणालो, "ताप आल्यावर तू गोळी घेतेसच ना? मग जा." ती गेली. बरं वाटायला वेळ लागला, पण वाटलं.

आज ती डॉक्टर आहे. म्हातारबाबांचा विषय निघाला की अजून गप्प होते. ती गप्प झाली की मीही गप्प बसतो. एवढं तरी शिकलो.

तर आजचा नेम एवढाच. तुमच्या घरात, शेजारात कोणी डॉक्टरकी शिकत असेल, नर्सिंग करत असेल, तर आज त्याला फोन करा. मार्क विचारू नका, उपदेश नको. जेवलास का, झोपलास का, एवढंच विचारा आणि मग ऐका. आणि वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या मनात नको ते विचार येत असतील, तर बाळांनो, एकटे राहू नका. जवळच्या माणसाला सांगा, किंवा टेलिमानसच्या १४४१६ या नंबरवर बोला. पैसे लागत नाहीत.

पांडुरंगा, जागणाऱ्यांना जागायचं बळ दे. आणि त्यांचा पलंग वेळेवर लावायची बुद्धी आम्हाला दे.

राम कृष्ण हरी.