वेगळें मांडलेलें पान

नुकताच बाप्तिस्मा झालेला मनुष्य लेवीयाचें पुस्तक प्रथमच वाचतो, तेव्हां तो आपल्या शिक्षकास सरळ प्रश्न करितो : डुकराचें मांस खाऊं नये, सातव्या दिवशीं काम करूं नये, मुलाची आठव्या दिवशीं सुंता करावी, हीं वचनें देवाचींच ना? मग आपण तीं कां पाळीत नाहीं? प्रिय वाचकहो, हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे. ह्याच प्रश्नानें पहिली मंडळी दुभंगण्याच्या बेतास आली होती.

सूरियांतील अंत्युखिया शहरीं विदेशी लोक ख्रिस्ताकडे वळूं लागले, तेव्हां यहूदीयांतून आलेल्या कित्येकांनीं त्यांस सांगितलें कीं, सुंतेवांचून तुमचें तारण नाहीं. त्यावरून इ. स. ४९ च्या सुमारास प्रेषित व वडील यरुशलेमांत जमले. विदेश्यांवर नियमशास्त्राचें जूं घालूं नये, असें ठरलें. मात्र मूर्तींचा नैवेद्य, रक्त, गळा दाबून मारलेलें जनावर व जारकर्म हीं त्यांनीं वर्ज्य करावीं.

येथें पुष्कळ वाचक थबकतात. जूं काढलें, तर रक्ताचा निषेध कां? याकोबानेंच कारण सुचविलें आहे : नगरोनगरीं दर शब्बाथास मोशेचें वाचन होत असे. शेजारच्या ताटांत रक्ताचें कालवण आलें, तर यहूदी भाऊ उठून जाणार! जारकर्म सर्वकाळ पापच. परंतु अन्नाविषयींच्या तीन अटी, माझ्या मतें, तारणाचें मोल नव्हेत. दोघांस एका पंगतीस बसतां यावें, एवढ्याचसाठीं त्या होत्या.

जत्रेंत कापलेल्या बोकडाचा वांटा शेजारी घरीं पाठवितो, त्या वेळीं हाच विचार उपयोगी पडतो. मूर्ति कांहींच नव्हे, हें पौलास ठाऊक होतें. तरी दुर्बळ भाऊ अडखळत असेल, तर मांस सोडण्यास तो सिद्ध होता. काल देव्हारा सोडलेला मनुष्य आपल्या अंगणाकडे पाहत असतो, हें विसरूं नये.

पूर्वीच्या कुलाबा, आतांच्या रायगड जिल्ह्यांतील बेने इस्राएल शनिवारीं तेलाचा घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणत. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक इस्राएल देशीं गेले. त्यांच्या निष्ठेची थट्टा कोणीं करूं नये. तो करार त्यांच्या पूर्वजांशीं झाला होता. आपल्या पूर्वजांशीं नव्हे.

पौलानें तीमथ्याची सुंता केली, आणि तीताची मात्र होऊं दिली नाहीं. हें वरवर विसंगत दिसतें. पण तीमथ्याची आई यहूदीण होती, व यहूद्यांत वावरण्यास ती खूण उपयोगी होती. तीत हेल्लेणी, आणि त्याच्या बाबतींत तीच खूण अट म्हणून मागितली जात होती.

पुढें अंत्युखियास पेत्र विदेश्यांबरोबर जेवीत असे. याकोबाकडून कांहीं माणसें येतांच तो भिऊन वेगळा बसूं लागला. बर्णबाहि त्यांत ओढला गेला. पौलानें त्यास सर्वांसमक्ष दोष लाविला. पेत्रानें कोणतीहि खोटी शिकवण दिली नव्हती, हें लक्षांत घ्यावें. त्यानें फक्त आपलें पान वेगळें मांडलें.

मोशेचें जूं आपल्यावर कधींच नव्हतें. परंतु आपल्या मंडळ्यांतील लग्नांत कोण कोणत्या वाड्यांतून आला हें पाहून एखादी पंगत मागाहून बसविली जाते, तो नियम कोणत्या शास्त्रांतला? पुढच्या लग्नाच्या वेळीं वाढप्यांस आंत काय सांगितलें जातें, तें वडीलजनांनीं स्वतः उभें राहून ऐकावें.