कानाची साक्ष

मडकें विकत घेण्यापूर्वीं वाजवून पाहावें, हें आमच्याकडे कोणाला शिकवावें लागत नाहीं. उन्हाळ्याच्या तोंडीं कळंबच्या बाजारांत माठ विकावयास येतात, तेव्हां घेणारी बाई बोटाच्या पेरानें त्यावर टिचकी मारते, क्षणभर कान देते, आणि "बद्द वाजतो" म्हणून तो खालीं ठेवून दुसरा उचलते. तिच्या त्या टिचकींत प्रामाणिकपणाचें जें तत्त्व आहे, तें चार पुस्तकें वाचलेल्या आणि जवळजवळ तीस वर्षें तर्कशास्त्र शिकविलेल्या माझ्यासारख्या माणसास एका तारेच्या खरेदींत आठवलें नाहीं. ती हकीकत सांगून तींतून निघणाऱ्या प्रश्नाचा थोडा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

गाणें ऐकण्याचा नाद मला लहानपणापासून आहे. परंतु तें चांगल्या सामग्रीवर ऐकण्याची ऐपत उशिरां आली. मुलाच्या आग्रहावरून दोन वर्षांपूर्वीं एक अँप्लिफायर आणि लांकडी पेटीचे दोन स्पीकर घरीं आणले. राहिली होती ती अँप्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जाणारी तार. ती घेण्याकरितां एका मोठ्या शहरांतील दुकानांत गेलों. दुकानदार मोठा अगत्याचा. त्यानें किशोरी आमोणकरांचा भूप प्रथम साध्या तारेवर ऐकविला. मग करंगळीएवढी जाड, रेशमी वेष्टनाची एक तार दाखविली, तिची साडेअकरा हजार रुपये किंमत सांगितली, आणि तोच भूप तिच्यावर ऐकविला. मी शपथेवर सांगतों, मला फरक ऐकूं आला. तंबोरा भिंतींतून बाहेर येऊन शेजारीं बसल्यासारखा वाटला. मीं तार घेतली.

येथेंच गोष्ट संपली असती तर लिहिण्यासारखें कांहीं नव्हतें. स्वतःच्या पैशानें स्वतःचें सुख विकत घेणें हा गुन्हा नव्हे. परंतु सुख बोलून दाखविल्यावांचून माणसाचें समाधान होत नाहीं. महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या खोलींत त्या तारेचें माहात्म्य मीं अनेकदां गाइलें. ऐकणाऱ्यांत तासिका तत्त्वावर शिकविणारा एक तरुण होता. त्याचें मानधन तासांवर मोजलेलें, आणि तेंहि महिनोन्‌महिने तुंबून राहणारें. त्यालाहि गाण्याचें वेड; जुना अँप्लिफायर आणि कोणाचे तरी वापरलेले स्पीकर त्यानें मिळविले होते. एके दिवशीं त्यानें विचारलें, "सर, तार कोणती घेऊं?" मीं क्षणाचाहि विचार न करतां उत्तर दिलें, "बाकी कशांतहि कसर करा. तारेंत करूं नका." तो त्या दिवसापासून पैसे सांठवूं लागला.

पदार्थविज्ञान शिकविणारे माझे एक स्नेही तेथें बसले होते. त्यांनीं वाद घातला नाहीं. "रविवारीं चहाला येतों, येतांना साधी तार घेऊन येतों," एवढेंच ते म्हणाले. रविवारीं त्यांनीं दारावर चादर टांगली, अँप्लिफायर तिच्याआड नेला, आणि मला स्पीकरसमोर बसविलें. नाणें उडवावें, छापा पडल्यास माझी तार जोडावी, कांटा पडल्यास त्यांची, आवाजाच्या खुंटीला हात लावूं नये, आणि भुपाचा तोच मिनिटभराचा भाग वाजवावा, असें ठरलें. दहा वेळां वाजविलें. माझी पत्नी कागदावर टिपण करीत होती. दहांपैकीं माझीं चार उत्तरें बरोबर निघालीं. नाणें उडवून उत्तरें दिलीं असतीं तरी पांचाच्या आसपास बरोबर आलीं असतीं. पण मला लागलें तें हें नव्हे. दहाहि वेळां मीं अडखळल्यावांचून उत्तर दिलें होतें. चुकलेल्या सहा वेळांहि तंबोरा माझ्या शेजारीं येऊन बसला होता.

मग मी सबबी शोधूं लागलों. त्या दिवशीं पडसें होतें, चादरीनें आवाज दबला, घाईनें ऐकविलें. स्नेही शांतपणें म्हणाले, "मग चादर काढून, डोळे बांधून पुन्हां करूं." मी "नको" म्हणालों. त्या "नको"नें मला रात्रभर झोप येऊं दिली नाहीं.

तारेचें शास्त्र गहन नाहीं. तांब्याची तार विजेला थोडा अडथळा करते. तार जितकी लांब तितका तो अधिक, जितकी जाड तितका कमी. दीड चौरस मिलिमीटर जाडीची साधी तार चार मीटर अंतरावर नेली, तर जाऊन येऊन आठ मीटरांत तिचा अडथळा सुमारें ०·०९ ओहम होतो. स्पीकर आठ ओहमचा धरला तर हें प्रमाण शेंकडा एकाच्या आसपास पडतें, आणि त्यानें आवाजांत होणारी घट एक डेसिबलच्या दहाव्या हिश्शाएवढी असते. एवढी घट गाणें ऐकणाऱ्या कानाच्या पकडींत येत नाहीं. चांदीचा अडथळा तांब्याहून पांच-सहा टक्क्यांनींच कमी. मग चांदीची तार घेण्याऐवजीं तांब्याची किंचित जाड घेतली कीं काम झालें. तारेला महत्त्वच नाहीं, असा मात्र याचा अर्थ नव्हे. अर्ध्या चौरस मिलिमीटरची बारीक तार पंधरा मीटर लांब नेऊन चार ओहमच्या स्पीकरला जोडली, तर अडथळा एक ओहमच्या घरांत जातो, आणि आवाज पडल्याचें कोणालाहि कळेल. एका स्पीकरची तांबडी आणि काळी टोंकें उलट जोडलीं गेलीं, तर खर्ज पातळ होतो, हेंहि कळेल. म्हणजे अंतर पाहून जाडी ठरवावी, टोंकें बरोबर आणि घट्ट बसवावीं. येथें तारेचा धर्म संपतो.

मग दुकानांत मला जो फरक ऐकूं आला तो काय होता? दुसऱ्या वेळीं आवाज किंचित चढलेला होता काय, हें मीं पाहिलें नव्हतें. आवाज रतिभर चढला तरी कान त्याला अधिक चांगला म्हणतो. पण घरींहि मला तो फरक रोज ऐकूं येत असे. मी खोटें बोलत होतों, असें म्हणवत नाहीं. आपल्या तत्त्वज्ञानांतील दोरी आणि सर्प यांचा जुना दृष्टांत येथें तंतोतंत लागूं पडतो. अंधारांत दोरीला साप समजून दचकलेल्या माणसाची भीति खरी असते. खोटा असतो तो साप. त्याचप्रमाणें माझा आनंद खरा होता. त्याचें मीं सांगितलेलें कारण खोटें होतें. न्यायसूत्रकार गौतमानें प्रत्यक्षाचें लक्षण करतांना तें ज्ञान "अव्यभिचारि" असावें आणि "अव्यपदेश्य" असावें, अशीं विशेषणें घातलीं आहेत. पहिल्याचा अर्थ, तें चुकीचें नसावें. दुसऱ्याच्या अर्थाविषयीं टीकाकारांचें एकमत नाहीं. परंतु त्याचा एक सरळ अर्थ असा होतो कीं, तें ज्ञान नांवाच्या आधारावर उभें नसावें. माझें ज्ञान तर नांवाच्या आणि किंमतीच्याच आधारावर उभें होतें. ऐकलें कानांनीं, पण उत्तर दिलें खिशानें.

असें भल्याभल्यांचें होतें. १९०३ सालीं फ्रान्सांतील नॅन्सी येथील ब्लाँडलो या नांवाजलेल्या पदार्थवैज्ञानिकानें एका नव्या किरणाचा शोध जाहीर केला, आणि तो किरण इतर पुष्कळ विद्वानांनाहि दिसूं लागला. १९०४ सालीं वुड नांवाचा अमेरिकन शास्त्रज्ञ त्याच्या प्रयोगशाळेंत गेला आणि अंधारांत त्यानें यंत्रांतील लोलक हळूच काढून घेतला. लोलकावांचून कांहीं दिसणेंच शक्य नव्हतें. तरीहि निरीक्षण पूर्ववत् चालू राहिलें. ब्लाँडलो लबाड नव्हता. त्याला हवें होतें तें त्याला दिसत होतें.

यावरून कानावर विश्वासच ठेवूं नये, असें अनुमान कोणी काढील तर तें चुकेल. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं सुताचा एक दोरा घालतात. तो केसभर पुढेंमागें सरकविला कीं जवारी खुलते किंवा मरते. ज्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तेथील कारागिरांची सारी विद्या अशा केसभर अंतरांवर उभी आहे. त्या दोऱ्याला किंमत अशी कांहींच नसते. पण डोळे बांधून बसविलेला साधा श्रोताहि तो सरकल्याचें सांगेल. तेव्हां सूक्ष्म भेद ऐकण्याची शक्ति कानांत आहेच. प्रश्न एवढाच कीं, कान साक्ष देत असतांना त्याला कोणी पढवीत नाहीं ना, हें आपण पाहिलें आहे काय?

आतां मूळ नैतिक प्रश्न. ज्या समजुतीनें मला रोज संध्याकाळीं सुख होत होतें, ती तपासून पाहण्याचें कर्तव्य माझ्यावर होतें काय? क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञानें १८७७ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत एका जहाजमालकाचें उदाहरण दिलें आहे. जहाज जुनें झाल्याची शंका त्याला येते. पण खर्चाच्या भीतीनें ती तो दाबून टाकतो, आणि जहाज सुरक्षित असल्याची मनापासून खात्री करून घेऊन उतारूंना समुद्रांत पाठवितो. जहाज बुडतें. क्लिफर्ड म्हणतो, त्याची खात्री प्रामाणिक असली तरी तो दोषी आहे. आणि जहाज सुखरूप पोंचलें असतें तरी तितकाच दोषी ठरला असता, कारण तसें मानण्याचा त्याला अधिकारच नव्हता. यावर विल्यम जेम्सनें १८९६ सालीं उत्तर दिलें कीं, जेथें पुराव्यानें निर्णय होऊं शकत नाहीं आणि निवड तर टाळतां येत नाहीं, अशा थोर प्रश्नांत अंतःकरणाला कौल देण्याचा हक्क आहे. मला जेम्सचें म्हणणें मान्य आहे. पण त्याचा आश्रय मला घेतां येत नाहीं. तारेच्या प्रश्नाचा पुरावा एक चादर आणि एक नाणें यांवर अर्ध्या तासांत मिळत होता. जेथें पुरावा हाताशीं आहे तेथें श्रद्धेचें नांव पुढें करणें ही श्रद्धेचीच विटंबना होय.

तरी क्लिफर्डइतका कठोर मी होऊं शकत नाहीं. घराच्या चार भिंतींत, स्वतःपुरता एखादा गोड भ्रम कोणी बाळगला, तर त्याच्यामागें दंडुका घेऊन लागण्याचें कारण मला दिसत नाहीं. पण "मला आवडतें" या वाक्याचें "हें चांगलें आहे, तुम्हीहि घ्या" असें रूपांतर ज्या क्षणीं होतें, त्या क्षणीं माणूस रसिक राहत नाहीं. तो साक्षीदार होतो. साक्षीदाराला स्वतःचा प्रामाणिकपणा पुरत नाहीं. त्याची साक्ष तपासलेली असावी लागते. मी बोललों तेव्हां माझे साडेअकरा हजार केव्हांच गेले होते. पणाला लागले होते ते त्या तरुणाचे. आणि शिक्षकाच्या शब्दाला तर त्याच्या ज्ञानाहून अधिक वजन येतें. म्हणून त्याच्या चुकीची किंमत बहुधा दुसराच कोणी तरी देतो.

तेर हें गांव आमच्याच जिल्ह्यांत, तेरणेच्या कांठीं. तेथें गोरोबाकाकांच्या घरीं संतमेळा जमला असतां, कच्चें मडकें कोणतें आणि पक्कें कोणतें हें पाहावें म्हणून त्यांनीं थापटणें घेऊन एकेकाच्या डोक्यावर हाणलें, ही कथा महाराष्ट्रांत सर्वांना ठाऊक आहे. इतर संत निमूट बसले. नामदेव मात्र रागावले, आणि तेंच कच्चें मडकें ठरलें. पुष्कळ दिवस मला ही कथा नामदेवांवर अन्याय करणारी वाटे. त्या रविवारनंतर तिचा अर्थ मला निराळा लागला. थापटण्याला नांव कळत नाहीं. समोरचा विठ्ठलाचा लाडका आहे कीं काल आलेला पोर आहे, हें तें विचारीत नाहीं. तें केवळ नाद ऐकतें. आणि कच्चेपण उघड झालें तें रागावण्यानें, परीक्षा नको म्हणण्यानें. परंतु नामदेवांचें थोरपण पुढेंच आहे. रुसवा धरून न बसतां ते विसोबा खेचरांकडे गेले आणि शिकून आले. मी "नको" म्हणून थांबलों होतों.

सोमवारीं मीं स्नेह्यांना पुन्हां बोलावलें. डोळे बांधून बसलों. या वेळीं पांच उत्तरें बरोबर आलीं. दुसऱ्या दिवशीं प्राध्यापकांच्या खोलींत, ज्यांच्यापुढें तारेचें माहात्म्य गाइलें होतें त्या सर्वांसमक्ष, मीं ही हकीकत त्या तरुणाला सांगितली. तो हंसला नाहीं, जरा वेळानें म्हणाला, "बरें झालें सर, अजून घेतली नव्हती." गांवांतल्याच विजेच्या सामानाच्या दुकानांतून त्यानें अडीच चौरस मिलिमीटरची साधी तार घेतली. उघड्या भिंती आणि शहाबादी फरशी यांमुळें त्याच्या खोलींत आवाज घुमत असे. त्यानें आईच्या हातच्या दोन गोधड्या भिंतीवर टांगल्या. गोधड्यांनीं पडलेला फरक मला डोळे मिटूनहि प्रत्येक वेळीं ओळखतां आला.

माझी ती जाड तार आजहि माझ्या घरीं जोडलेली आहे. काढून टाकण्याचेंहि कांहीं कारण नाहीं. तिच्यांतून येणारा भूप पूर्वींइतकाच गोड लागतो. त्याचें श्रेय किशोरीताईंच्या गळ्याला आहे, हें आतां कोणी विचारल्यास मी सांगतों. तारेविषयीं विचारल्यास आमच्या दाराची चादर दाखवितों.