एकाच रथात

‘सारथी’ हा शब्द आपल्या जिभेला इतका सवयीचा आहे की तो उच्चारताना त्याच्या पोटात बसलेला रथ आपल्याला दिसत नाही, आणि त्या रथाच्या पुढे उभे असलेले इवलेसे ‘स’ हे अक्षर तर मुळीच दिसत नाही. स म्हणजे सह. ज्याचा रथ तोच, तो सरथ. आणि सरथावरून सारथी. शब्दाच्या मुळाशी लगाम नाही, चाबूक नाही, वाटेची माहितीही नाही. तिथे आहे ते सोबत बसणे, बाण आला तर दोघांच्याही अंगावर येईल आणि चाक रुतले तर दोघांचेही रुतेल, ही कबुली. घोडे हाकण्याचे कौशल्य त्या कबुलीनंतर येते. आपोआप चालणाऱ्या वाहनांसाठी उद्योगाने आणि शासनाने कशी तयारी करावी, हे हल्ली पुष्कळदा विचारले जाते. उत्तरे कॅमेऱ्यांत, रडारमध्ये, संगणकांत शोधली जातात, आणि शोधलीही पाहिजेत. पण या शब्दापाशी वर्षानुवर्षे बसून माझ्या ध्यानात आले ते असे, की त्या तयारीचे बीज या ‘स’मध्ये आहे.

आमच्या रायपूरशी जोडलेला एक प्रवास आठवावा. १८७७ साली नरेंद्र नावाचा एक कुमार, ज्याला पुढे जगाने स्वामी विवेकानंद म्हणून ओळखले, रायपूरला आला तेव्हा आगगाडी नागपूरपर्यंतच होती, आणि पुढची कित्येक दिवसांची वाट अरण्यातून बैलगाडीने कापावी लागली असे चरित्रकार सांगतात. त्या गाडीवानाचे नाव कुणाच्या ओठांवर नाही. रात्री गाडीवानाचा डोळा लागला तरी सवयीचे बैल वाट धरून चालत राहतात, हे ज्यांच्या घरी गाडी होती त्यांना सांगायला नको. म्हणजे हाकणाऱ्याविना चालणे अगदीच नवे नव्हे. मात्र गाडी ओढ्यात कलंडली, तर झोपलेला गाडीवानही त्याच ओढ्यात पडे. आज जे नवे येऊ घातले आहे ते गाडीचे आपणहून चालणे नव्हे. सरथाची ती जागा रिकामी होणे, हे नवे आहे.

आपल्या शासनाच्या नोंदींतही हा भेद जपलेला आहे. देशातल्या गाड्यांची नोंद जिच्यात होते त्या प्रणालीचे नाव ‘वाहन’, आणि चालकांच्या परवान्यांची नोंद जिच्यात होते तिचे नाव ‘सारथी’. वह्या दोन, नावे दोन. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे तिसरे कलम परवान्याविना सार्वजनिक जागी गाडी चालवायला मनाई करते, ती व्यक्तीला; कारण वाहन असेल तिथे माणूस सारथी असणारच, हे त्याने गृहीत धरले आहे. मग जी गाडी स्वतःच सारथी, तिची नोंद कोणत्या वहीत करावी? २०१९ च्या दुरुस्तीने नव्या संशोधनासाठी काही प्रकारच्या वाहनांना सूट देण्याचा अधिकार केंद्राला दिला, आणि प्रयोगाचे दार उघडायला तो पुरेसाही आहे. पण सूट देणे वेगळे आणि उत्तरदायी कोण हे ठरवणे वेगळे. ब्रिटनने २०२४ च्या आपल्या कायद्यात ते ठरवले: यंत्र गाडी चालवत असताना घडलेल्या चालवण्याच्या चुकीबद्दल आत बसलेल्याला गुन्हेगार धरायचे नाही, ज्या संस्थेने त्या गाडीसाठी अधिकृत मान्यता घेतली तिने उत्तर द्यायचे, आणि सुरक्षेत यंत्र दक्ष व सक्षम मानवी चालकापेक्षा उणे असता कामा नये. रिकाम्या आसनावर सरथाला पुन्हा बसवण्याचा हा यत्न आहे.

पण नुसते आसनावर असणे म्हणजे सारथ्य नव्हे. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतील टेंपी या गावी रात्री सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडणारी एक स्त्री चाचणीवर निघालेल्या स्वयंचलित मोटारीच्या धडकेत गेली. यंत्र तिला कधी वाहन, कधी अनोळखी वस्तू, कधी सायकल समजत राहिले, आणि देखरेखीला बसवलेल्या चालकाचे लक्ष फोनमध्ये होते. देह रथात होता, चित्त रथाबाहेर होते. अभियंते यंत्राच्या स्वायत्ततेच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या मोजतात. त्यांतल्या मधल्या पायऱ्याच निसरड्या, कारण तिथे यंत्र दीर्घ काळ चालवते आणि माणसाने एका क्षणात लगाम हाती घ्यावा अशी अपेक्षा असते. इथे महाभारताच्या वनपर्वातला प्रद्युम्नाचा सारथी आठवतो. शाल्वाशी झुंजताना प्रद्युम्न मूर्च्छित पडला, तेव्हा त्याने रथ रणातून बाहेर काढला. शुद्धीवर आलेला प्रद्युम्न रागावला, तरी सारथी शांतपणे म्हणाला, की रथ्याचे रक्षण हाच माझा धर्म. माणूस प्रतिसाद देत नाही किंवा आपल्यालाच समोरचे उमगत नाही, हे ओळखून गाडी सुखरूप कडेला नेऊन थांबवणे, ही यंत्राची पहिली परीक्षा असावी. धावण्याची परीक्षा तिच्यानंतर.

आणि समोरचे उमगणे म्हणजे तरी काय? पावसाळ्यात रायपूरहून बिलासपूरकडे निघालेल्या कोणालाही विचारा. कोरड्या डांबरावर गाई बसलेल्या असतात, आणि जाणता चालक ओळखतो की ही गाय आता उठणार नाही, पण ती दुसरी उठेल, कारण तिचे वासरू पलीकडे आहे. परदेशी रस्त्यांवर शिकलेल्या यंत्राला हे वासरू ठाऊक नाही. म्हणून हैदराबादच्या आयआयआयटीने २०१८ मध्ये भारतीय रस्त्यांच्या १०,००० दृश्यांचा संच ३४ वर्गांत लावून खुला केला, ज्यात रिक्षा आहे, जनावरही आहे. आणि नागपूरला २०२१ पासून ‘आय-रास्ते’ उपक्रमात शहरबसवर धोक्याची सूचना देणारी यंत्रे बसवून, जिथे अपघात अजून झालेला नाही पण होऊ शकेल अशा जागा हेरण्याचे काम सुरू झाले. सदोष रस्त्यासाठी तो बांधणाऱ्याला दंड करण्याची तरतूदही २०१९ च्या दुरुस्तीत आहे. म्हणजे रस्ता करणाराही आता त्याच रथात बसला आहे.

सारथ्याला आपल्या परंपरेत आणखी एक नाव आहे, सूत. आणि सूत रथ हाकतो तसाच घडलेले सांगतोही. अंध राजाला रण कसे झाले हे ऐकवणारा संजय सूतच. स्वयंचलित गाडीनेही कोणत्या क्षणी काय पाहिले, काय समजले आणि काय केले हे खरेपणाने नोंदवले पाहिजे, ती नोंद चौकशी करणाऱ्याला मिळाली पाहिजे, आणि ती एकट्या निर्मात्याच्या कुलपात असता कामा नये. इथेच शल्याची आठवण सावध करते. तो अश्वविद्येत निपुण होता, कर्णाच्याच रथावर होता, पण वचन त्याने पांडवांना दिले होते. रथात बसूनही जो सरथ झाला नाही, असा तो सारथी. विक्रीचा आकडा आणि पादचाऱ्याचा जीव यांत यंत्राची निष्ठा कुणीकडे, हे निर्मात्याच्या शब्दावर सोडता येत नाही; त्यासाठी शासनाची स्वतंत्र चाचणी हवी, आणि दोष दिसताच गाड्या परत बोलावण्याचा जो अधिकार कायद्यात आला आहे, तो वापरण्याची तयारी हवी.

आता जे आज खरोखर सारथी आहेत त्यांच्याकडे वळू. रायपूरच्या भनपुरी आणि टाटीबंधला उभ्या ट्रकांमध्ये पोलाद आणि सिमेंट भरलेले असते, आणि केबिनमध्ये रात्रीच्या रात्री जागलेला माणूस असतो. डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी चालकविरहित गाड्या भारतात येऊ देणार नाही असे म्हटले, ते याच लाखो चालकांच्या रोजीकडे पाहून. दुसऱ्या पारड्यात २०२२ या एकाच वर्षी देशाच्या रस्त्यांवर गेलेले १,६८,४९१ जीव आहेत, आणि तेही हलके नाही. दोन्ही पारडी सांभाळणारी वाट ‘स’मधूनच निघते: यंत्राने आधी चालकाच्या शेजारी बसावे, त्याला डुलकी लागताच जागे करावे, ऐनवेळी ब्रेक लावावा. नव्या मालट्रकांची केबिन १ ऑक्टोबर २०२५ पासून वातानुकूलित असावी हा नियम त्याच वाटेवरचा. पूर्ण स्वायत्ततेचा आरंभ व्हायचा तर जिथे वाटसरू नाही तिथे व्हावा. ऑस्ट्रेलियात पिलबराच्या खाणींतले चालकविरहित ट्रक दीड हजार किलोमीटरवरच्या पर्थमधून सांभाळले जातात, आणि आपल्या कोरबाच्या गेवरा खाणीत २४० टनी डंपर हाकणारे हात आहेतच. असे यंत्र इथे येईल तेव्हा त्याच्या देखरेखीची खुर्ची पहिल्यांदा त्या हातांना मिळावी, आणि तिचे शिक्षण यंत्र येण्याआधी, उद्योगाच्या खर्चाने व्हावे. जुन्या सारथ्याला वाटेत उतरवून पुढे जाणाऱ्या रथाला सरथ कसे म्हणावे?

म्हणून, सज्जनहो, मी पुन्हा त्या अरण्यातल्या बैलगाडीपाशी येतो. तिच्या गाडीवानाचे नाव कोणी लिहून ठेवले नाही तरी चालले, कारण तो स्वतः गाडीत होता; वाटेत काही झाले असते तर उत्तर द्यायला त्याचा देहच तिथे होता. येणाऱ्या गाडीत तो नसेल. तेव्हा ज्याने यंत्र घडवले, ज्याने रस्ता बांधला, ज्याने परवानगी दिली, त्या प्रत्येकाचे नाव गाडी निघण्याआधीच नोंदवहीत ठळक लिहिलेले असले पाहिजे. ‘सारथी’ या वहीत अशा नोंदींसाठी एक नवे पान उघडण्यापासून तयारीला आरंभ करावा.