हातचे राखून

मराठीत एखाद्याविषयी ‘तो हातचे राखून वागतो’ असे म्हटले की त्याची अर्धी अब्रू गेली असे समजावे. आपल्याला झोकून देणारी माणसे आवडतात. लग्नकार्यात राबता राबता अंथरूण धरलेली काकू, चळवळीपायी घरदार विसरलेला कार्यकर्ता, मित्रासाठी कर्ज काढणारा मित्र, यांच्या गोष्टी आपण दिवाळीत फराळाच्या ताटांभोवती बसून सांगतो. बेताने राबलेल्या काकूची गोष्ट कोणी सांगत नाही. तिच्या हातच्या चकल्या मात्र सगळे खातात.

या वाक्प्रचाराकडे मी जरा निराळ्या नजरेने पाहू लागलो तो धावण्यामुळे. मुंबईत २००४ पासून, बहुतेक वर्षी जानेवारीत, मोठी मॅरेथॉन होत आली आहे आणि तिची तयारी करणाऱ्या माझ्यासारख्या हौशी माणसाची दिवाळी ऐन सरावात येते. अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. ते मला चार तासांच्या आत तोडायचे आहे. म्हणजे दर किलोमीटरला ५ मिनिटे ४१ सेकंद, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

आठवड्याचे वेळापत्रक ठरलेले असते. सोमवारी आणि शुक्रवारी विश्रांती, मंगळवारी आठशे मीटरच्या वेगवान फेऱ्या, बुधवारी आणि शनिवारी रमतगमत धावणे, रविवारी लांबचा पल्ला. खरी शाळा भरते ती गुरुवारी. त्या दिवशी शिवाजी पार्कला फेऱ्या मारीत बारा किलोमीटर शर्यतीच्या गतीने काढायचे, आणि तेही घड्याळावर रुमाल बांधून. फेरी संपली की आधी मनाशी वेळेचा अंदाज करायचा, मग रुमाल सारून पाहायचे. गती पायांत मुरली आहे की नुसतीच घड्याळात आहे, हे असे कळते. पहिल्या फेरीत प्रत्येक अवयव सांगत असतो की हे फारच सावकाश चालले आहे. कट्ट्यावर बसलेले आजोबाही तेच सांगत असतात. ताज्या दमाच्या माणसाला योग्य गती नेहमी अपमानास्पद वाटते.

ती योग्य का, याचे गणित सोपे आहे. समजा, पहिले दहा किलोमीटर मी दर किलोमीटरला वीस सेकंद अधिक वेगाने धावलो, तर गाठीला तीन मिनिटे वीस सेकंद जमा होतात. पण वेग वाढला की शरीर चरबीपेक्षा साखर अधिक जाळू लागते, आणि स्नायूंत व यकृतात साठवलेली ही साखर मोजकीच असते. तिसाव्या किलोमीटरच्या पुढे ती संपत आली की पाय शिशाचे होतात. धावणारे याला ‘भिंत’ म्हणतात. मग शेवटच्या दहात किलोमीटरमागे एक मिनिट जरी जास्त गेले, तरी कमावलेल्या तीन मिनिटांचे दहा मिनिटांनी देणे फेडावे लागते. सावकारसुद्धा लाजेल असा हा दर!

पण मला त्यातले गणित नव्हे, न्याय महत्त्वाचा वाटतो. पाचव्या किलोमीटरवरचा मी आणि पस्तिसाव्यावरचा मी, ही जवळजवळ दोन माणसे आहेत. पहिला ताजातवाना, टाळ्या घेणारा. दुसरा परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ चढणारा, घामाच्या मिठाने पांढरा पडलेला. उधळपट्टी करतो पहिला, फेडतो दुसरा; आणि कर्ज काढताना दुसऱ्याला कोणी विचारलेले नसते. असे असताना पहिल्याच्या उधळपट्टीला आपण औदार्य म्हणतो, ते कोणत्या हिशेबाने?

आणि राखून ठेवणे म्हणजे कमी देणे, हेही खरे नाही. केनियाच्या केल्विन किप्टमने ८ ऑक्टोबर २०२३ रोजी शिकागोत २ तास ३५ सेकंदांचा विश्वविक्रम केला. त्यातला पहिला अर्धा ६० मिनिटे ४८ सेकंदांत आणि दुसरा ५९ मिनिटे ४७ सेकंदांत. पहिल्या अर्ध्या अंतरात त्याने अंग चोरले असे म्हणायची कोणाची छाती आहे?

इथवर सगळे ठीक. अडचण पुढे आहे. मॅरेथॉनचे अंतर मीटरपर्यंत मोजलेले असते. आयुष्यातल्या ज्या कामांत राखावे की उधळावे हा प्रश्न खरोखर जीव घेतो, त्यांचे अंतर कोणीच सांगत नाही.

साताऱ्याला माझी एक मावशी होती. काकांना अर्धांगवायू झाला तेव्हा पहिल्या आठवड्यात घरात माणसांची रीघ लागली. डबे आले, रात्री जागायला भाचे-पुतणे आले, कोणी नोकरीतून रजा काढली. तिसऱ्या महिन्यात डबे थांबले. त्यात कोणाची लबाडी नव्हती. माणसे मनापासून आली होती आणि मनापासून दमली होती. मावशी मात्र पहिल्या आठवड्यापासूनच दुपारी तासभर दार लोटून झोपायची. गुरुवारी शेजारणीला बसवून भजनाला जायची. ‘नवरा अंथरुणात आणि हिला टाळ सुचतात!’ हे तिने ऐकले, मीही ऐकले. पुढे एकदा मी तिला विचारले, “मावशी, तुला लोकांचं वाईट नाही का वाटायचं?” ती भाजी निवडत म्हणाली, “वाटायचं की. पण किती दिवस, ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं ना रे.”

नऊ वर्षे लागली.

अंतर माहीत नसताना तिने गती ठरवली कशी, याचा विचार मी रविवारच्या लांब पल्ल्यांत पुष्कळ केला आहे. धावणाऱ्यांत एक जुना नियम आहे: घड्याळ नसेल तर शेजारच्याशी बोलून पाहा. पुरे वाक्य न धापता बोलता आले तर ती गती फार काळ टिकेल. दोन शब्दांवर दम तुटत असेल तर नाही. या मापाला अंतर माहीत असावे लागत नाही. मावशी काकांना पाठ पुसताना पेपर वाचून दाखवी, थट्टा करी, कधी भांडेदेखील. जागरणे करून करून झिजलेली माणसे रोग्याची सेवा करतात, पण त्याच्याशी बोलत नाहीत. त्यांच्यापाशी त्यासाठी श्वासच उरलेला नसतो. रोग्याला हे आधी कळते.

मात्र समान गती म्हणजे समान कष्ट नव्हेत, आणि बाहेरून पाहणारा इथेच फसतो. ५ मिनिटे ४१ सेकंदांचा किलोमीटर पाचव्याला फुकट मिळतो. अडतिसाव्याला तोच, तेवढ्याच सेकंदांचा, माणसाचे सर्वस्व मागतो. घड्याळात दोघांची नोंद सारखीच. मावशीचेही पहाटे पाचचा चहा, सहाला आंघोळ, दुपारची झोप, गुरुवारचे भजन, सगळे नवव्या वर्षी पहिल्या वर्षासारखेच होते. त्यामुळे लोकांचे मतही नऊ वर्षे तेच राहिले.

काका गेले. तेराव्याची पंगत उठल्यावर मावशी जी झोपली ती दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला जागी झाली. घाबरून आम्ही दोनदा तिच्या नाकाशी बोट धरून पाहिले होते. उठल्यावर तिने चहा मागितला आणि आज बुधवार की गुरुवार, एवढेच विचारले.